‘आम्हाला कुठले येते!’

प्रश्न दिसायला लहान आहे. आपण आहोत त्यापेक्षा स्वतःला मोठे दाखवणे हे असत्य होय, याविषयी कोणाचे दुमत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गातील पोरेही ते सांगतील. परंतु आपण आहोत त्यापेक्षा स्वतःला लहान दाखवणे, यालाही असत्य म्हणावे काय? आमच्या घरी, आमच्या गावी, आणि खरे सांगायचे तर आमच्या सेमिनरीतही त्याला विनय म्हणत. २०१९ सालच्या शरद ऋतूपर्यंत आम्हीही तसेच समजत होतो. त्या समजुतीला तडा गेला तो एखाद्या ग्रंथालयात वा चिंतनसाधनेत नव्हे, तर बिअरच्या वासाने भरलेल्या एका बारमध्ये, पूलच्या टेबलापाशी.

त्या वर्षी ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत आम्ही अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका लहान शहरात साहाय्यक धर्मगुरू म्हणून होतो. तिकडे धर्मगुरूंची वानवा आहे हे वाचकांना ठाऊक आहेच. रविवारच्या मिस्सानंतर सभागृहात कॉफी असते. तेथे एके दिवशी एक पासष्टीच्या विधवा बाई आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. शाळेची बस चालवणाऱ्या, मिस्सात पहिले वाचन करणाऱ्या, आणि पूलच्या हौशी लीगमधील एका संघाच्या कप्तान. त्यांच्या संघातील एक खेळाडू गाव सोडून गेला होता.

“फादर, कधी क्यू हातात धरला आहे का?” त्यांनी विचारले.

“छे हो! आम्हाला कुठले येते!” आम्ही म्हणालो.

आता वस्तुस्थिती काय होती? आमच्या सेमिनरीत एक जुने बिलियर्ड टेबल होते. कोणा दानशूराने दिलेले, एका बाजूला किंचित कलंडलेले. सहा-सात वर्षे रात्रीच्या जेवणानंतर आम्ही त्यावर खेळलो होतो आणि सेमिनरीतील स्पर्धा दोनदा जिंकलीही होती. तरी तोंडातून निघाले ते ‘आम्हाला कुठले येते’. बाईंनी ते शब्दशः घेतले. “काही हरकत नाही, आम्ही शिकवू,” असे म्हणून त्यांनी आमचे नाव लिहून घेतले.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन ही संस्था टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ साली सुरू केली. आठवड्यातून एक रात्र गावोगावच्या बारमध्ये तिचे सामने होतात. खेळ साधा आहे. सात चेंडू एकाचे, सात दुसऱ्याचे; आपले सात आधी पॉकेटमध्ये घालायचे आणि शेवटी आठ क्रमांकाचा काळा चेंडू. खरी गंमत आहे ती हँडिकॅपमध्ये. प्रत्येक खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे २ ते ७ यांपैकी एक अंक दिलेला असतो. ७ अंकाच्या खेळाडूची गाठ २ अंकाच्या नवख्याशी पडली, तर सामना जिंकायला पहिल्याला सात डाव जिंकावे लागतात, दुसऱ्याला अवघे दोन. शिवाय एका रात्री खेळणाऱ्या पाच जणांच्या अंकांची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. म्हणजे सगळेच पट्टीचे खेळाडू एका संघात भरता येत नाहीत. दुबळ्यालाही जागा ठेवावी लागते. हे आम्हाला फार आवडले. बारमधल्या माणसांनी न्यायाचा एवढा विचार केलेला पाहून द्राक्षमळ्यातल्या त्या मजुरांची आठवण झाली, ज्यांना उशिरा येऊनही पूर्ण मजुरी मिळाली होती.

परंतु हा सगळा न्याय एका खिळ्यावर टांगलेला आहे. अंक खरा असला पाहिजे. खेळाडूने किती पाळ्यांमध्ये सामना जिंकला वगैरे नोंदी दोन्ही संघ करतात आणि त्यावरून अंक चढतो वा उतरतो. नेमके सूत्र खेळाडूंना सांगितले जात नाही. तरीही मुद्दाम चुका करून अंक खाली ठेवता येतो आणि मोक्याच्या वेळी खरा हात दाखवता येतो. अशा माणसाला तिकडे ‘सँडबॅगर’ म्हणतात. त्या जगात याहून वाईट शिवी नाही.

नव्या पुरुष खेळाडूला तेव्हा सुरुवातीला बहुधा ४ हा अंक मिळे. तो कसलेला आहे असे ठाऊक असेल तर अधिक. बाईंना आमच्याविषयी काहीच ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही ४ झालो. पहिले तीन आठवडे आम्ही हरलो, आणि ते प्रामाणिकपणे हरलो. सेमिनरीतले टेबल मोठे, चेंडू लहान. बारमधले टेबल सात फुटी, चेंडू वजनदार, आणि शेजारी गाण्यांचा कल्लोळ. अंक उतरून ३ झाला. ऑक्टोबरमध्ये मात्र हात परत आला. सायकल जशी माणूस विसरत नाही तसेच हेही असावे.

त्या रात्री समोर होता पाईप जोडण्याचे काम करणारा एक पन्नाशीचा गृहस्थ. त्याचा अंक ६. त्याला पाच डाव हवे होते, आम्हाला दोन. अर्ध्या तासात आमचे दोन डाव झाले; दुसऱ्यात तर शेवटचे पाच चेंडू आणि काळा आम्ही एकाच पाळीत घातले. गृहस्थाने हात मिळवला आणि शांतपणे विचारले, “फादर, हे कुठे शिकलात?” आम्ही हसून विषय टाळला. तेवढ्यात त्यांच्या बाजूच्या बाकावरून कोणीतरी तो शब्द उच्चारला. आमच्या कप्तान बाई ताडकन उठल्या. “ते धर्मगुरू आहेत. त्यांनी आयुष्यात क्यू धरला नव्हता. त्यांनी स्वतः मला सांगितले आहे.”

आमचा विनय आता त्या बाईंच्या इभ्रतीवर उभा होता.

रात्री खोलीवर आल्यावर झोप आली नाही. सेमिनरीत परीक्षेपुरता वाचलेला संत थॉमस अक्वायनस आठवला. ‘सुम्मा’च्या दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या खंडात, ११३ व्या प्रश्नात, त्यांनी ‘इरोनिया’ नावाच्या दोषाचा विचार केला आहे. स्वतःविषयी उणे सांगणे, म्हणजे असलेला गुण नाकारणे, हा तो दोष. सत्याचा भंग वरच्या बाजूने होतो तसा खालच्या बाजूनेही होतो, असे ते मानतात. बढाई सामान्यतः अधिक वाईट; पण उणे बोलणाऱ्याचा हेतू फसवण्याचा असेल तर तोच दोष बढाईहून भारी ठरू शकतो, अशीही पुस्ती ते जोडतात. त्यांच्याआधी ॲरिस्टॉटलने हाच विषय हाताळताना स्पार्टाच्या लोकांच्या अतिसाध्या पोशाखाचा दाखला दिला होता. तो साधेपणाही एक प्रकारची बढाईच, असा त्याचा रोख. ठिगळ लावलेला झगा मुद्दाम घालणारे धर्मगुरू आम्ही पाहिले आहेत. अधूनमधून आम्हीही तो घातला आहे.

येथे वाचक म्हणतील, फादर, हे फारच ताणता आहात. आपल्याकडे पाहुण्याच्या पानात सहा पदार्थ वाढूनही यजमानीण ‘साधंच आहे हो’ म्हणते. ती काय खोटे बोलते? नाही. कारण पाहुणाही त्याच चालीरीतीतला असतो. त्या शब्दांचा अर्थ ‘पोटभर जेवा’ असा आहे हे दोघांनाही ठाऊक असते, आणि पान तर डोळ्यांसमोर असते. कोणी फसत नाही. आमचीही सबब आम्ही प्रथम हीच केली. ती आमची रीत, परक्यांनी शब्दशः घेतली, त्याला आम्ही काय करावे?

पण सबब टिकली नाही. ‘छे हो’ म्हणताना आमच्या मनात काय होते, हे प्रामाणिकपणे तपासले तेव्हा विनय कुठेच सापडला नाही. सापडला तो हिशेब. हरलो तर लाज नको, कारण आम्ही आधीच सांगितले होते. जिंकलो तर कौतुक दुप्पट, कारण कोणाची अपेक्षाच नव्हती. दोन्ही बाजूंनी नफा. बढाई मारणारा निदान जोखीम पत्करतो. टेबलापाशी त्याचे पितळ उघडे पडू शकते. आम्ही तीही पत्करली नव्हती.

लहानपणचा एक प्रसंग येथे आठवतो. १९८१ साली बिलियर्ड्सचे विश्वविजेते मायकेल फरेरा यांनी पद्मश्री नाकारली. सुनील गावसकरांना पद्मभूषण, तर विश्वविजेत्याला कमी का, असा त्यांचा सवाल होता. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आमच्या ओसरीवर तेव्हा वडीलधारे म्हणत, “आपल्या माणसाने एवढा गर्व करू नये.” आम्हीही तसेच समजून मोठे झालो. आज वाटते, त्या माणसाने आपला अंक मोठ्याने आणि खरा सांगितला होता. आमच्या धर्मग्रामात अंक दडवणारेच अधिक. उत्तम गळा असलेली बाई ‘मला कुठे गाता येते’ म्हणून गायकवृंदात येत नाही. हिशेबात तरबेज निवृत्त बँक कर्मचारी ‘मी अडाणी’ म्हणून समितीतून अंग काढतो. मग पडेल ते काम दोन माणसांच्या माथी. आम्ही त्यांच्या नम्रतेची प्रवचनातून वाखाणणी करतो, ते निराळेच!

असो. नोव्हेंबर उजाडला. संघात आम्ही जेमतेम सहा, त्यांतला एक कामासाठी सदा बाहेरगावी. उरलेल्या पाचांचे अंक ७, ६, ४, ३ आणि आमचा ३. बेरीज बरोबर २३. आमचा अंक एकाने चढला की बेरीज फुटणार आणि एका सामन्यावर पाणी सोडावे लागणार. तेव्हा आमच्यातला ७ अंकाचा खेळाडू, अत्यंत दिलदार माणूस, कानाशी येऊन म्हणाला, “फादर, आज जरा सावकाश. सगळेच करतात.”

त्या रात्री समोर कॉलेजात जाणारी, हात थरथरणारी एक २ अंकाची मुलगी होती. दोघांचा एकेक डाव झाला होता आणि आमचा काळा चेंडू पॉकेटपासून वीतभर अंतरावर होता. आम्ही फटका मारला. चेंडू पॉकेटच्या ओठावर जाऊन थांबला. मुलीने सामना जिंकला आणि आनंदाने आईला फोन लावला.

तो फटका आम्ही मुद्दाम चुकवला काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आजही देता येत नाही. मुद्दाम चुकवायचा असे ठरवले नव्हते. घालायचाच, असेही ठरवले नव्हते. जिभेच्या एका लहानशा खोट्याने हाताला एवढे सैल केले होते की हात खरे बोलतो आहे की खोटे हे त्याच्या धन्यालाही कळेना. खोटे बोलणारा प्रथम दुसऱ्याला फसवतो असे आम्ही शिकवत आलो. क्रम उलटाही असू शकतो, हे त्या ओठावर थांबलेल्या चेंडूने दाखवले.

पुढच्या रविवारी कॉफीच्या वेळी बाईंना सेमिनरीतल्या टेबलाची हकिकत सांगितली. त्या बराच वेळ कप हातात धरून उभ्या राहिल्या. “म्हणजे त्या लोकांना मी जे ठणकावून सांगितले ते खोटे होते,” एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच लीगचे काम पाहणाऱ्या माणसाला फोन केला. आमचा अंक ५ झाला, बेरीज २५. उरलेल्या रात्री आम्ही पेन्सिल घेऊन गुण लिहीत बसलो. संघ चौघांवर खेळला आणि हंगामाअखेरच्या फेरीत पहिल्याच रात्री बाद झाला. दिलदार माणसाने काही बोलून दाखवले नाही. बाई दोन आठवडे आमच्याशी कामापुरतेच बोलल्या. आम्हाला त्यांचा राग योग्य वाटला, आणि तो लवकर निवळावा अशी प्रार्थना आम्ही मुद्दामच केली नाही.

डिसेंबरात परतण्यापूर्वी त्या पाईप जोडणाऱ्या गृहस्थाला शोधत आम्ही पुन्हा बारमध्ये गेलो. सगळे सांगितले. तो म्हणाला, “त्या रात्री घरी जाऊन बायकोला सांगितले की नवशिक्याने मला हरवले. मी क्यू विकायला काढणार होतो.” मग त्याने टेबलात नाणी टाकली. त्याचा अंक ६, आमचा खरा ५. म्हणजे त्याला पाच डाव, आम्हाला चार. आम्ही जीव तोडून खेळलो आणि एकच डाव जिंकू शकलो. हात मिळवून झाल्यावर तो क्यूला खडू लावत म्हणाला, “सेमिनरीतले ते टेबल किती फुटांचे होते?”

“बारा,” आम्ही म्हणालो.