अनामत

मे संपत आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकाशी टेम्पो उभे राहायला लागतात. गाद्यांच्या वळकट्या, पाय वर केलेलं टेबल, दोरीनं आवळलेला फ्रिज. आठ वर्षांपूर्वी आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमधून असाच एक संसार खाली उतरला. नांदेडकडचं तरुण जोडपं, तीन वर्षं राहिलेलं. भाडं कधी पाच तारखेच्या पुढे गेलं नाही. चावी हातात घेऊन मी घरभर फिरलो आणि म्हणालो, "रंगाचे बारा हजार कापावे लागतील."

तो मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, आम्ही आलो तेव्हाही रंग जुनाच होता ना?"

"पद्धतच आहे तशी," मी म्हणालो. डिपॉझिटच्या पंचेचाळीस हजारांपैकी तेहतीस हजार त्याच्या हातावर ठेवले. टेम्पो थांबला होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्याच्याकडे वाद घालायला वेळ नव्हता, आणि हे मला ठाऊक होतं.

खरं कारण रंग नव्हतंच. ते पंचेचाळीस हजार माझ्याकडे नव्हते. आले तेव्हा बँकेत माझ्याच खात्यात पडले, आणि माझ्याच पैशांत मिसळून वर्षभरात कुठेकुठे खर्चून गेले. नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून जुन्याचं द्यायचं, असा हिशेब डोक्यात होता. नवा मिळाला नव्हता. तेहतीस हजार जमले तेही उसनवारीनं. भिंतीवरचे खिळ्यांचे डाग मग मला जरा जास्तच ठळक दिसू लागले.

डिपॉझिटला आपल्याकडे एक जुना शब्द आहे, अनामत. सांभाळायला दिलेली वस्तू. शेजारीण गावाला जाताना डबा ठेवून गेली, तर आपण त्यातले लाडू खात नाही. पैशाच्या बाबतीत मात्र खातो, आणि डबा परत मागायला आली की झाकणावर पोचा पडला होता म्हणून भांडतो.

आता माझ्यासारखे एका-दोन फ्लॅटचे मालक सल्ला विचारायला येतात, तेव्हा मी पहिलं हेच सांगतो. अनामत ज्या दिवशी येईल त्याच दिवशी तिची वेगळी मुदत ठेव करा. व्याज खुशाल घ्या, मुद्दलाला हात लावू नका. दुसरं, चावी देताना दोघांनी मिळून घरात फिरा. भिंती, नळ, गीझर, फरशीचा तडा, सगळ्याचे फोटो काढून दोघांच्याही फोनवर ठेवा, विजेच्या मीटरचं रीडिंगही. तीन वर्षांनी आपल्याला आपल्या सोयीचंच आठवतं. फोटोंना सोय कळत नाही.

रंगाचं म्हणाल, तर केंद्र सरकारनं २०२१ मध्ये भाडेकरारांचा एक नमुना कायदा मंजूर केला. राज्यानं स्वीकारला तरच तो लागू होतो. पण त्यातली दुरुस्त्यांची वाटणी वाचण्यासारखी आहे. नळाचा वॉशर, बिघडलेलं बटण, गीझर हे भाडेकरूकडे. भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाकडे. प्राप्तिकरातही भाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सूट मिळते. ती घेताना दुरुस्तीला एक रुपया तरी खर्च केला का, असं कुणी विचारत नाही. म्हणजे त्या तीन वर्षांत मी ही सूट घेतली होती, आणि वर रंगाचे पैसे भाडेकरूकडून. हे मला फार उशिरा कळलं; वेळेवर कळलं असतं तरी त्या दिवशी मी वेगळा वागलो असतो की नाही, सांगवत नाही.

छोटा मालक मनानं वाईट असतो असं नाही, तो बहुतेकदा आकड्यांत अडकलेला असतो. साठ लाखांचा फ्लॅट, महिना अठरा हजार भाडं. वर्षाचे दोन लाख सोळा हजार. त्यातून एक महिना घर रिकामं राहतं, सोसायटीचा मेंटेनन्स आणि महापालिकेचा कर आहेच. दीड लाख उरले तर उरले. किमतीच्या मानानं अडीच टक्के. कर्ज काढून घेतलेला असेल तर हप्ता याच्या दुप्पट-तिप्पट. भाड्यात हप्ता सुटेल असं कुणीतरी सांगितलेलं असतं, तो सुटत नाही, मग ती तूट भाडेकरूच्या खिशातून काढायची बुद्धी होते. म्हणून फ्लॅट घेण्याआधीच कागद-पेन्सिल घेऊन बसावं, आणि सहा महिने भाडं आलं नाही तरी घर चालेल एवढी शिल्लक नसेल तर या फंदात पडू नये.

करारनाम्याबद्दल "ओळखीतलाच आहे, कशाला नोंदणी" हे मी इतक्या वेळा ऐकलंय! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा केला म्हणजे सुटलो, हा समज महाराष्ट्रात तरी चुकीचा आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. अठरा हजारांच्या भाड्याला अकरा महिन्यांसाठी स्टॅम्प पाचेकशे रुपये, नोंदणी शुल्क शहरात हजार. ओळखीच्या माणसाशी तर हे आधी करावं. ओळख टिकवायची असते.

आणि एजंट फोनवर "आडनाव काय? नॉनव्हेज खातात का? बॅचलर आहेत का?" असं विचारतो तेव्हा तो आपल्याच वतीनं विचारत असतो. नोकरी कुठे, आधीचं घर का सोडलं, आधीच्या मालकाचा नंबर देता का, एवढं विचारणं शहाणपणाचं. त्यापुढे भाडेकरूच्या कढईत डोकावायचं कारण नाही. खरं तर माझे वडीलही सदाशिव पेठेतल्या वाड्यात भाडेकरूच होते. गोठलेलं भाडं, गळकी कौलं, आणि मालकाशी बोलणं नसताना एक दिवस अचानक बंद झालेला नळ. आज कायद्यात पाणी-वीज तोडायला बंदी आहे. तेव्हा आई शेजारच्या वाड्यातून कळशा आणायची. मालक होताना हे मी विसरलो नव्हतो. फक्त ती गोष्ट मला लागू आहे असं वाटलं नव्हतं.

परवा पुन्हा फ्लॅट रिकामा झाला. लातूरच्या दोन मुली होत्या, नोकरी हिंजवडीला. मुदत ठेव आठवडाभर आधीच मोडली होती. फोनमधले फोटो आणि भिंती शेजारी धरून पाहिल्या, बाथरूमचा तुटलेला नळ तेवढा वजा केला, साडेचारशे रुपये, बिलासकट. टेम्पो यायच्या आधी पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले होते.

त्या नांदेडच्या मुलाचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे, "२०४ जुने" या नावानं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो दिसतो, आता मांडीवर एक मूलही आहे. बारा हजार वेगळे काढून ठेवलेत. नंबर दोनदा लावला आणि पहिली रिंग जायच्या आत कापला.