परक्या वाद्याचे गुरू
म्हैसूरच्या राजवाड्याचा स्वतःचा बँड होता. महाराज जयचामराजेंद्र वाडियार कर्नाटक संगीताचे जितके जाणकार, तितकेच पाश्चात्त्य संगीताचे; त्यामुळे तिथं वीणेच्या शेजारी परदेशी वाद्यंही सुखानं नांदत होती. या बँडमधला सॅक्सोफोन एकदा दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या एका मुलाच्या कानावर पडला आणि तो आवाज त्याच्या मनातून जाईना. मुलाचं नाव गोपालनाथ. वडील तनियप्पा नागस्वरम वाजवत. पोरानं घरचं वाद्य पुढं न्यावं, हीच रीत. पोराला मात्र पितळेच्या सॅक्सोफोनचा ध्यास लागला.

ध्यास लागणं सोपं, वाद्य वश होणं कठीण. बेल्जियमच्या ॲडॉल्फ सॅक्सनं १८४६ साली पेटंट घेतलेलं हे वाद्य कर्नाटक संगीतासाठी घडलेलंच नव्हतं. नागस्वरमच्या भोकांवर उघडी बोटं असतात. बोट जरासं उचललं की स्वर डोलतो. सॅक्सोफोनच्या भोकांवर झाकणं असतात आणि ती कळांनी उघडतात, मिटतात. कर्नाटक संगीताचा प्राण तर गमकात, म्हणजे स्वराच्या डोलण्यात. तोडी रागातला गंधार नुसता स्थिर उभा राहिला, तर ती तोडी कसली? मग ते डोलणं ओठांच्या पकडीतून आणि श्वासातून काढायचं. वाद्य पूर्ण हाताखाली यायला गोपालनाथांची जवळजवळ वीस वर्षं गेली.

ती वर्षं निभली ती गुरूंमुळे. मंगळूरच्या कलानिकेतनमध्ये एन. गोपालकृष्ण अय्यरांनी त्यांना शिकवलं. पुढं चेन्नईत टी. व्ही. गोपालकृष्णन भेटले. हे चेंबई वैद्यनाथ भागवतरांचे शिष्य, गवई आणि मृदंगवादक; सॅक्सोफोन हे काही त्यांचं वाद्य नव्हे. ‘बँडमधलं वाद्य ठेव आणि वडिलांचं नागस्वरम घे,’ असं सांगून शिष्याला परत पाठवणं किती सोपं होतं! त्यांनी त्याला वाद्यासकट आपलं म्हटलं. कथेचा बोध मला इथंच दिसतो: शिष्याच्या हातातलं वाद्य न बदलता त्याच्या कानात सूर पेरतो, तो खरा गुरू.

आणि गवयाकडे शिकण्याचं मोल सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायचं, वाद्य वाजवणाऱ्यालाच कळावं. दम दोघांनाही घ्यावा लागतो. कृतीतला, म्हणजे रचनेतला, शब्द कुठं तुटू द्यायचा नाही, श्वास कुठं घ्यायचा, हे गाणाऱ्याला ठाऊक असतं. ते जाणून वाजवलेल्या वाद्यातून साहित्य, म्हणजे कृतीचे शब्द, ऐकू येतं, नाहीतर नुसते स्वर.

मंचावरही या सॅक्सोफोननं दाद मिळवली. १९८० साली मुंबईच्या जॅझ महोत्सवात गोपालनाथ वाजवत होते. कॅलिफोर्नियाचे नामवंत सॅक्सोफोनवादक जॉन हँडी तिथं हजर होते. हे वादन ऐकून त्यांना राहवेना. मंचावर येऊन मीही सोबत वाजवू का, असं त्यांनी विचारलं, आणि मुंबईकरांनी दोन सॅक्सोफोन एकत्र ऐकले. १९९४ साली बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवासाठी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कर्नाटक संगीताला पहिल्यांदा बोलावणं आलं, ते याच कद्री गोपालनाथांना.