सुकलेला पातेरा

होळी जवळ आली की दोडामार्ग तालुक्यातल्या काजू बागायतदाराचा एक डोळा धुरावर असतो. बोंडू पिकू लागलेले, बिया गळू लागलेल्या आणि झाडाखाली सुकं गवत. कुणीतरी बांधावर जळती विडी टाकून पुढं जातो. बघता बघता वणवा शेजारच्या बागेत शिरतो. माणसं हिरवे टाळे घेऊन धावतात, आग विझतेही. पण करपलेल्या कलमाच्या जागी नवं लावलं तर पहिली बी हाती यायला ३-४ वर्षं जातात. विडी टाकणारा तोवर घरी जेवून झोपलेला असतो.

बायबलमध्ये याकोबाने आपल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात जिभेला अशाच, रान पेटवणाऱ्या ठिणगीच्या पंक्तीला बसवलं आहे. ते ऐकताना आपल्याला बहुधा दुसऱ्याचीच जीभ आठवते. नीतिसूत्रांचं पुस्तक मात्र २६व्या अध्यायात सरपणाबद्दल बोलतं. सरपण सरलं की आग निवते, चुगली थांबली की भांडणही निवतं, असा त्याचा रोख. पण चुगलीला सरपण एकटा बोलणारा थोडाच पुरवतो?

‘तुका म्हणान सांगतंय, कोणाक सांगू नको,’ असं स्टँडजवळच्या टपरीवर कुणी म्हणालं की आपण चहाचा ग्लास खाली ठेवून पुढं सरकतो. मग कुणाच्या सुनेचं, गोव्यात कामाला जाणाऱ्या कुणाच्या मुलाचं नाव निघतं. आपण बोलत काहीच नाही, नुसती मान डोलावतो. शब्दाला बळ येतं ते त्या मान डोलावण्यानं. आपल्याकडच्या गाऱ्हाण्याला हे पक्कं ठाऊक आहे. गाऱ्हाणं घालणारा एकटाच असतो, पण प्रत्येक मागण्यामागून सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात तेव्हाच ते गावाचं होतं. चांगल्या शब्दाला साथ लागते, तशी वाईटालाही लागते.

जाणता बागायतदार लोकांच्या विड्या विझवत हिंडत नाही. तो वेळेत गवत बेणतो, पातेरा ओढतो, बागेभोवती जाळरेषा काढतो. आपल्या कानांपुरतं आपणही तेवढं करावं. आज कुणी असं काही सांगू लागला तर विचारावं, ‘तू तेका इचारलंस काय?’ पुष्कळ गोष्टी तिथंच अडतात. ज्यांचं नाव निघालं होतं त्यांना हे कधी कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही.