चौदाचा हिशोब

कळवा,
रविवार, पहाट

चि. छकुलीस,


काल रात्री फोनवर तू जे बोललीस ते रात्रभर मनात घोळत होतं. पहाटे साडेचारला नेहमीसारखी जाग आली, तेव्हा आधी दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि ते तापेपर्यंत वही घेऊन बसलो. पारसिकच्या डोंगरावर अजून अंधार आहे, लोकलचा आवाज सुरू झालाय, आणि तुझी आजी आतून विचारतेय की एवढ्या पहाटे कोणाला लिहिताय. तुझं नाव सांगितलं तर म्हणाली, सावकाश लिहा, पोरीला नीट वाचता आलं पाहिजे.

व्हीलचेअर बास्केटबॉलच्या शिबिरात तुझं क्लासिफिकेशन झालं आणि तुला दीड पॉइंट मिळाला. "आजोबा, मी फक्त दीड पॉइंटची," असं तू म्हणालीस. त्यातला तो ‘फक्त’ मला टोचला गं. जन्मापासून मणक्याच्या दुखण्याशी झगडत तू इथवर आलीस, आणि आता एका आकड्यानं हिरमुसतेस? मी आयुष्यभर फिटरकी केली, खेळातलं मला फारसं कळत नाही. पण तू समजावून सांगितलेला नियम मी वहीत मांडून पाहिला. शरीरात हालचाल सगळ्यात कमी त्याला एक पॉइंट, सगळ्यात जास्त त्याला साडेचार, आणि मैदानात उतरलेल्या पाच जणांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. मग मी संघ मांडला: साडेचार, चार, तीन, दीड, एक. झाले चौदा. आता तुला काढून तिथे आणखी एक चाराची खेळाडू बसव बरं. बेरीज साडेसोळा होते आणि संघ मैदानात उतरूच शकत नाही. म्हणजे ती साडेचारवाली उंच मुलगी बास्केट करते ती तुझ्या दीडाच्या जोरावर. तू खुर्ची आडवी घालून समोरच्याची वाट धरून ठेवायचीस, तेव्हा तिला रिंगखाली जागा मिळायची. हा नियम ज्यांनी केला त्यांना घर चालवणं ठाऊक असणार. तुझी आजी महिन्याचा खर्च असाच बसवते. मोठ्या खर्चाला जागा होते ती लहानांनी सांभाळून घेतल्यामुळे.

आता दुसरी गोष्ट, आणि खरं तर याच काळजीनं लिहायला बसलो. दिवाळीपर्यंत कळव्यात मुलींचा संघ उभा करायचा, दहा खुर्च्या आणायच्या, स्पर्धा भरवायची, असं तू एका दमात सांगितलंस. तुझ्या मनाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. धास्ती वाटते ती त्या ‘दिवाळीपर्यंत’ची.

हा खेळ किती सावकाश वाढलाय ते बघ ना. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या अमेरिकन सैनिकांनी इस्पितळांत 1946 च्या सुमारास तो सुरू केला. तिकडे इंग्लंडात स्टोक मँडव्हिलच्या इस्पितळात डॉक्टर गुटमन यांनी 1948 साली, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होतं त्याच दिवशी, सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. बास्केटबॉल तिथे नंतर आला. 1960 मध्ये रोमला पहिलं पॅरालिंपिक झालं तेव्हा हा खेळ त्यात होता, पण बायकांना त्यात जागा मिळायला 1968 चं तेल अवीव उजाडलं. आणि खेळाचा स्वतःचा स्वतंत्र जागतिक महासंघ झाला तो 1993 मध्ये. आपल्याकडे माधवी लता यांनी चेन्नईत 2014 मध्ये राष्ट्रीय फेडरेशन उभं केलं. लहानपणीच पोलिओ झालेल्या या बाई आधी पाण्यात उतरल्या, पोहण्यात नाव मिळवलं आणि मग या खेळाकडे वळल्या. मुंबईच्या निशा गुप्ता महाराष्ट्राच्या कर्णधार झाल्या, गीता चौहान देशाकडून खेळल्या. तुझ्या वाटेवरचे काटे या बायांनी आधीच वेचून ठेवलेत, पोरी.

जेस मार्क्ट नावाच्या एका अमेरिकन खेळाडूचं मला फार वाटतं. मोटार अपघातात त्याच्या पायांतली ताकद गेली. 2009 मध्ये तो अफगाणिस्तानात हा खेळ शिकवायला एका आठवड्यासाठी गेला आणि मग वर्षानुवर्षं जातच राहिला. पुढे रेड क्रॉसच्या कामातून आपल्या खेळाडूंनाही त्यानं शिकवलं. त्या एका आठवड्यात त्यानं मोठी स्पर्धा भरवली असती, फोटो काढले असते आणि परतला असता, तर आज तिथे काय उरलं असतं?

आणि आपले मुरलीकांत पेटकर! सांगलीकडच्या इस्लामपूरचा सैनिक, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पद्मश्री 2018 मध्ये मिळाली. शेहेचाळीस वर्षं! एवढी वाट कोणाला पाहावी लागू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. पण दर वेळी कौतुकासाठी थांबले असते तर ते पाण्यात कधी उतरले असते?

घाई काय करते ते मला विचार. उमेदवारीत असताना एकदा सणाच्या सुट्टीला घरी पळायचं म्हणून मी बेअरिंगमध्ये ग्रीस न भरताच झाकण बसवलं. मशीन दोन तास ठीक चाललं, मग तापलं आणि बेअरिंग जाम झालं. फोरमन रागावले नाहीत. त्यांनी सगळं पुन्हा उघडून रॉकेलनं धुवायला लावलं, आणि माझी गाडी चुकली. तुझ्या खुर्चीची चाकं वरून जवळ आणि खालून फाकलेली असतात, म्हणून ती भर्रकन वळते आणि टक्कर झाली तरी सहसा कलंडत नाही. पण त्या वळण्याचा सगळा भार बेअरिंगवर येतो. अशा दहा खुर्च्या एकदम आणल्यास तर त्या पुसणार कोण, हवा कोण भरणार, पावसाळ्यात ठेवायच्या कुठे?

म्हणून माझं ऐक. दोन खुर्च्यांनी सुरुवात करू. एक तुझी आहे. दुसरीसाठी मी पोस्टात महिना हजाराची आर.डी. लावली होती, तू पहिल्यांदा बॉल मांडीवर घेतलास त्याच महिन्यात. साठ महिने पुरे झालेत. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू लगेच मोडायला लावली असतीस. बाहेरून घडवून आणलेली खुर्ची लाखाच्या वर जाते हे मला माहीत आहे, तेव्हा आधी साधी, इथेच वेल्डिंग केलेली घेऊ. खाडीपलीकडे ठाण्यात, मुंब्र्याला, दिव्याला तुझ्यासारख्या मुली असतीलच. इस्पितळात फिजिओथेरपीला येणाऱ्यांत विचारू. एक जरी आली तरी पुष्कळ. तिनं पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं, एवढंच पाहायचं.

मैदान मी बघून आलो. सकाळी साडेसहापर्यंत रिकामं असतं, मग क्रिकेटवाली पोरं येतात, म्हणून लवकर उठण्याला पर्याय नाही. फाटकाशी सहा इंचांची पायरी आहे. एक इंच चढाला एक फूट लांबी धरली तर सहा फुटांचा उतार हवा. नगरसेवकाकडे अर्ज दिलाय, तोवर जाड प्लायवूडची फळी मी कापून ठेवलीय, खाली टेकू देऊन. कोर्ट सिमेंटचं आहे, एका कोपऱ्यात तडा गेलाय, तिकडे जायचं नाही. रिंग मोजली, बरोबर दहा फूट. उभं राहून खेळणाऱ्यांनाही तेवढीच असते, हे ऐकून तुझ्या आजीनं कौतुकानं हात जोडले.

तुमच्या खेळात बॉल मांडीवर ठेवून चाकं दोनदाच ढकलता येतात, तिसऱ्यांदा ढकलण्याआधी बॉलचा टप्पा पाडावाच लागतो ना? तसंच करू गं. येताना लोकलमध्ये घाईनं चढू नकोस, दिव्यांगांच्या डब्याशी माणूस मिळेपर्यंत थांब, एक गाडी गेली तर जाऊ दे.

दूध उतू जायच्या बेतात आहे, आजी हाका मारतेय. तू आलीस की पहिल्या रविवारी सकाळी सहाला मी फळी घेऊन फाटकाशी असेन. ग्रीसचा डबा आणि जुनं धोतर फाडून केलेली फडकी आत्ताच पिशवीत भरून ठेवलीत.

तुझे,
आजोबा