मोबाईल बघत मारलेल्या बैठका



मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर अंतरवाली सराटीचा आपला एक तरुण माझ्यापाशी थांबला. राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत ५ किलोमीटर धावावे लागते, त्याची तो तयारी करतो आहे. पहाटे रस्त्यावर धावणे आणि संध्याकाळी घरच्या अंगणात व्यायाम. म्हणाला, “फादर, चार महिने झाले. रोज पन्नास बैठका, तीस जोर. एक दिवस खाडा नाही. पण धावायचा वेळ आहे तिथंच आहे. आता देवाकडंच मागायचं राहिलंय.”

देवाकडे अवश्य मागावे. पण मी आधी विचारले, “पहिल्या महिन्यात पन्नास बैठकांनंतर काय व्हायचे?”

“पाय लटपटायचे, फादर.”

“आणि आता?”

तो हसला. “आता मोबाईल बघत बघत होतात.”

दुखणे तिथेच होते. संत थॉमस अक्वायनस यांनी १३ व्या शतकात आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात असा प्रश्न घेतला आहे: माणसाच्या अंगी बाणलेला गुण त्याच्या प्रत्येक कृतीने वाढतो का? सेमिनरीत हा पाठ मला फारच रुक्ष वाटला होता. त्यांचे उत्तर आहे, नाही. अंगी जितके बळ आहे तितके लावून काम केले तर गुण वाढतो, निदान वाढीची तयारी होते. त्याहून ढिलाईने केले तर उलट तो उतरणीला लागतो. ते अन्नाचे उदाहरण देतात. प्रत्येक घासाने काही शरीर वाढत नाही, पण अनेक घास पोटात गेले की वाढते. म्हणजे आज केले आणि उद्या फळ दिसले, असे होणार नाही. आणि नुसती संख्या भरली म्हणूनही होणार नाही.

व्यायामाचे शास्त्र आज हेच सांगते. शरीराला एकदा ओझ्याची सवय झाली की तेच ओझे त्याला पुढे नेत नाही. मी काही व्यायामशिक्षक नव्हे, पण त्याला एवढे सांगितले: पन्नासच्या शंभर करू नकोस. तीन आकडे मोजत सावकाश खाली जा. ओट्यावर एका पायाने चढ-उतर कर. ते सोपे झाले की हातात पाण्याचा कॅन घे. हे आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. बाकीचे दिवस पायांना भरून यायला हवेत. विश्रांतीचा दिवस देवानेच नेमून दिला आहे, तो भरतीच्या पोरांनाही लागू आहे! आणि काय केले ते वहीत लिही.

गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे आपल्या पोरांना ठाऊक आहे. बारावीनंतर तो लष्करात गेला, सियाचीनलाही राहिला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पूर्ण करून १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला त्याची वेळ होती ८ मिनिटे ९.९१ सेकंद. मधली जवळपास सहा वर्षे, आणि कमाई २० सेकंदांची. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तर त्याचे सुवर्णपदक ०.०५ सेकंदाने हुकले.

संत पौल करिंथला दीड वर्ष राहिले. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठ्या शर्यती भरत आणि जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळे, जो लवकरच सुकून जाई. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल हीच उपमा घेतात आणि हवेत ठोसे मारणाऱ्याची आठवण करून देतात. ती ओळ वाचताना मला त्या मुलाचा मोबाईल आठवला आणि मग माझी मलाच लाज वाटली. कारण धर्मगुरूंची रोजची प्रार्थना म्हणताना माझे ओठ स्तोत्रावर असतात आणि मन चर्चच्या पत्र्याच्या खर्चाची बेरीज करीत असते. त्यातही कित्येक वर्षे खाडा नाही.

आपल्या घरांतही रोज संध्याकाळी जपमाळ होते. पाच दशके पूर्ण होतात. पण बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशी बोलणे बंद होऊन कैक वर्षे झालेली घरे माझ्या परिचयाची आहेत, आणि ती मला पाहताच विषय बदलतात. त्या घरी मी सहावे दशक वाढवायला सांगणार नाही. पाचच म्हणा. मात्र म्हणताना भावाचे नाव घ्या, आणि एखाद्या सकाळी बांधावर तो दिसला तर आधी तुम्ही हाक मारा. पहिल्यांदा जीभ लटपटेल. लटपटू द्या.

गुरुवारी तो मुलगा वही घेऊन आला. एका पायाने उजव्यावर बारा झाले होते, डाव्यावर सातच. म्हणाला, “फादर, डावा पाय इतका कच्चा आहे हे चार महिन्यांत कळलंच नव्हतं.”