पाद्री कोणाचा चाकर?



अंगावर झगा चढला म्हणजे माणूस शुद्ध होतो काय? बाराशे वर्षांपूर्वीच्या युरोपातील खेड्यापाड्यांचे पाद्री पहा. हा इतिहास ख्रिस्ती धर्माच्या थोरांनीच लिहून ठेवला आहे. आपण तो निंदेसाठी नव्हे, बोधासाठी वाचू.

इ. स. ७४२ मध्ये बॉनिफेस या बिशपाने पोप झकारियस यांना पत्र लिहिले. फ्रँक राज्यात चार-पाच रखेल्या ठेवणारे लोक शुभवर्तमान वाचतात आणि पुढे पाद्री, बिशपही होतात, अशी त्याची तक्रार होती. ऐंशीहून अधिक वर्षे तेथे धर्मसभाच भरली नाही, असे जुने लोक सांगत. मग सभा भरली आणि नियम झाले. पाद्र्याने शस्त्र धरू नये, कुत्रे घेऊन शिकार करू नये, ससाणे पाळू नयेत. दरवर्षी बिशपापुढे हिशेब द्यावा. नियमांवरूनच ओळखा, काय चालत होते!

बव्हेरियात एक पाद्री बाप्तिस्म्याचे लॅटिन शब्दच चुकीचे म्हणे. ‘पिता’ याऐवजी ‘देश’ आणि ‘पुत्र’ याऐवजी ‘कन्या’! अर्थ त्यालाच ठाऊक नव्हता.

पण दोष पाहून थांबू नका, कारण शोधा. पुष्कळ चर्च जमीनदारांच्या मालकीची होती. पाद्रीही तेच नेमत. कधी आपल्याच गुलामाला झगा घालत. ल्याँचा बिशप आगोबार्ड लिहितो की, धनी लोक घरच्या पाद्र्याला जेवण वाढायला, मद्य तयार करायला, कुत्री फिरवायला लावतात. असा माणूस धन्याला त्याचे पाप कसे सांगणार?

म्हणून ८१८-८१९ च्या सुमारास सम्राट लुईने कायदा केला: गुलामाला आधी मुक्त करा, मगच पाद्री करा, आणि चर्चला वेठीतून मुक्त असे एक शेत द्या. ऑर्लेआँचा बिशप थिओडुल्फ याने तर खेड्यातील पाद्र्यांना मुलांना फी न घेता शिकवण्यास सांगितले. तरी सारे सुधारले नाही. ८५२ मध्ये रँसच्या हिंकमारला बजावावे लागले की, मृतांच्या जेवणावळीत पिऊन झिंगू नका.

म्हणून कोणत्याही उपदेशकापुढे हात जोडण्याआधी तीन गोष्टी विचारा. तो काय शिकला? तो कोणाच्या भाकरीवर जगतो? तो हिशेब कोणाला देतो? हे विचारण्यात अनादर नाही. ऐंशी वर्षे हे कोणी विचारले नाही, तेव्हा काय झाले ते बॉनिफेसच्या पत्रात आहे.