मावशींचे नाव काय?



सकाळचे आठ वाजले तरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी आल्या नाहीत, तर आपल्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो? 'मावशींना बरे नाही की काय?' की 'आता ही भांडी कोण घासणार?' खरे सांगायचे तर बहुधा दुसराच. ज्या पाच-सहा वर्षे आपल्या स्वयंपाकघरात वावरतात, त्यांचे पूर्ण नावही आपल्यापैकी कित्येकांना सांगता येणार नाही.

आपण मावशींचा द्वेष करतो का? मुळीच नाही. नाताळला आपण त्यांना आठवणीने साडी देतो, फराळ देतो. म्हणूनच हा दोष आपल्या ध्यानात येत नाही. माणसाला वस्तू मानायला द्वेष लागत नाही, आपली सोय पुरेशी असते. मग माणूस मागे पडतो आणि त्याचे काम तेवढे दिसते.

कोणी म्हणेल, 'तिकीट खिडकीवर प्रत्येकाची विचारपूस करत बसलो तर गाडी चुकेल.' ते खरेच आहे. एकमेकांच्या उपयोगी पडण्यावरच संसार चालतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली हा विचार नेमका मांडला : माणसाला 'केवळ' साधन म्हणून वागवू नये. सारी गोम त्या 'केवळ' शब्दात आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना सांगितले होते की, दुसरा गट चुकला तर त्याला विजेचा झटका द्या. झटका किती तीव्र, हे तुम्ही ठरवा. प्रत्यक्षात झटका कोणालाच बसत नव्हता. मात्र त्या गटाविषयी एखादा शेरा विद्यार्थ्यांच्या सहज कानी पडेल, अशी व्यवस्था होती. 'ते जनावरांसारखे आहेत' असे ज्यांनी ऐकले, त्यांनी सर्वांत तीव्र झटके दिले. 'ती समंजस माणसे आहेत' असे ज्यांनी ऐकले, त्यांचा हात सर्वांत हलका राहिला. एका शब्दाने एवढा फरक पडला! मग 'ही असली माणसे', 'ते बाहेरचे' असे आपण मुलांदेखत बोलतो, तेव्हा त्यांना काय शिकवतो?

आणि ही नजर उंबरठ्याबाहेरच थांबत नाही. वडील बाजारहाट करत होते, नातवंडांना शाळेत पोहोचवत होते, तोवर त्यांचा घरात मान होता. आता ते खाटेला खिळले आहेत, तर 'एक खोली अडकली' असे आपण म्हणू लागतो. उपयोगाच्या मापाने माणूस मोजायची सवय लागली की एक दिवस त्याच मापाने आपलीही मुले आपल्याला मोजतील.

प्रभू येशूच्या क्रूसाच्या वाटेवर शिपायांनी शेतावरून येणाऱ्या एका वाटसरूला वेठीस धरले. त्यांना हवा होता फक्त एक खांदा. मार्ककृत शुभवर्तमानाने मात्र त्याचे नाव नोंदवले, शिमोन; गाव नोंदवले, कुरेने; आणि मुलांची नावेही, आलेक्सांद्र व रूफ. शिपायांना खांदा दिसला, शुभवर्तमानकाराला दोन मुलांचा बाप दिसला.

या आठवड्यात मावशी उशिरा आल्या, तर आधी त्यांना पाण्याचा पेला देऊ या, नावाने हाक मारून विचारपूस करू या. भांडी काय, थोडी थांबतील.